गडनदीच्या काठाने गोपुरीपर्यंत

सहल म्हटली की आपल्याला गोवा आठवतो, महाबळेश्वर आठवते, फार तर मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला. वर्गणी काढायची, गाडी ठरवायची आणि शेवटी वर्गणी न जमल्याने सहल रद्द करायची, हा अनुभव बहुतेक वर्गांना आहे. म्हणून या लेखात मी अशा एका वाटेची माहिती देणार आहे की जिला वर्गणी लागत नाही, गाडी लागत नाही आणि परवानगीही फक्त घरच्यांचीच लागते. कणकवलीच्या बाजारातून दक्षिणेला निघावे, गडनदीच्या काठच्या राईतून पुलापर्यंत यावे, पूल ओलांडावा आणि पलीकडच्या वागदे गावातील गोपुरी आश्रमात जावे. सावकाश, बोलत बोलत चालले तरी तासाभराच्या आत आपण पोहोचतो. चढ नाही, घाट नाही. वयस्क प्राध्यापकांनाही झेपेल अशी ही वाट आहे.

आपल्यापैकी पुष्कळजण रोज एसटीने या पुलावरून येतात-जातात. मीही दीड वर्ष तशीच येत होते. खिडकीतून नदी दिसायची आणि मागे जायची. आता तर महामार्ग चौपदरी झाला आहे, शहरावरून उड्डाणपूल गेला आहे, त्यामुळे नदी दिसण्याचा वेळही कमी झाला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी आणि माझी मैत्रीण पहिल्यांदा पायी गेलो. जाऊन आल्यावर या वाटेविषयी लिहावे असे वाटले, कारण वाट संपली तरी तिच्या शेवटी पडलेला प्रश्न माझ्या घरापर्यंत आला.

प्रथम नदीविषयी. कणकवली हे दोन नद्यांमधले गाव आहे. उत्तरेला जाणवली आणि दक्षिणेला गड. गडनदी सह्याद्रीत उगम पावते, कणकवलीवरून पश्चिमेकडे जाते आणि मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. खाली मसुऱ्याजवळ तिच्या एका तीरावर भरतगड आणि समोरच्या तीरावर भगवंतगड असे दोन किल्ले एकमेकांकडे बघत उभे आहेत. एक वाडीकर सावंतांचा, दुसरा बावडेकरांचा. म्हणजे जी नदी आपण कपडे धुण्याची नदी समजतो, तीच थोड्या अंतरावर दोन सत्तांची सरहद्द होती.

कोकणातल्या नद्या देशावरच्या नद्यांसारख्या लांबलचक नाहीत. कृष्णा सह्याद्रीत जन्मून पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. आपल्या नद्या त्याच डोंगरातून निघतात, पण समुद्र जवळ असल्याने काही कोसांतच त्यांचे आयुष्य संपते. जिल्ह्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डोंगराचा उतार तीव्र, अंतर कमी, त्यामुळे पाणी थांबत नाही. जुलैत जी नदी पुलाच्या खांबांना धडका देते, तीच मार्चमध्ये गोट्यांमधून वाट शोधत असते. मग उरतात ते कोंडी आणि डोह. उन्हाळ्यात गुरांना, माशांना आणि पक्ष्यांना आधार याच डोहांचा. गावोगावी लोक दिवाळीनंतर दगडमातीचे, पोत्यांचे बंधारे घालून पाणी अडवतात ते याच कारणासाठी.

आता वाटेविषयी. काठाने सलग बांधलेला रस्ता आहे अशी कल्पना करून कोणी जाऊ नये. गुरांची वाट, धुणे घेऊन जाणाऱ्या बायकांची वाट, गरी टाकणाऱ्या मुलांची वाट, अशा तुकड्यांनी ती बनलेली आहे. मध्येच कोणाच्या बागेचा चिऱ्यांचा गडगा येतो, तिथे वरच्या पाणंदीला लागावे आणि पुन्हा खाली उतरावे. पायात चप्पल चालेल, पण नवी नको. दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. पावसाळ्यात या वाटेला जाऊ नये. डोहाचे पाणी वरून शांत दिसले तरी आत खडक आणि खोली असते, म्हणून पोहणाऱ्यानेही अनोळखी डोहात उतरू नये.

काठावर सावली भरपूर आहे. पाण्याच्या अगदी जवळ करंज आणि वाळुंज. करंजाची मुळे माती धरून ठेवतात, म्हणून पुरातही ज्या काठावर करंज आहेत तो काठ कमी ढासळतो. थोडे वर जांभूळ, कुंभा, सातवीण आणि किंजळ. किंजळ ओळखायचा तर पावसाळा संपताना बघावा. सबंध झाड तांबूस होते. त्याहून वर माणसांनी लावलेली झाडे लागतात, आंबा, फणस, काजू, रातांबा. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाशिवाय दहा-बारा झाडे ओळखता आली तर ती मोठीच कमाई समजावी. मला त्यातली बहुतेक नावे पुस्तकामुळे नव्हे, आईबरोबर कवळ तोडायला गेल्यामुळे माहीत होती. पाण्यावर खंड्या असतो, गोट्यांवर धोबी शेपटी हलवीत फिरतो, डोहाच्या कडेला ढोकरी तासन् तास ध्यान लावून बसते. सकाळी लवकर गेले तर पाणकावळा पंख पसरून वाळवीत बसलेला दिसतो.

वाटेत एक वृद्ध बाई धुणे बडवीत होत्या. त्यांनी विचारले, "खय चल्लात गे चेडवांनू?" आम्ही गोपुरी म्हटले. त्या म्हणाल्या, "थय काय बघूचा? देऊळ नाय, काय नाय." आम्हांला तेव्हा उत्तर देता आले नाही. परदेशात म्हणे नदीकाठच्या अशा वाटा एखाद्या उमरावाच्या जुन्या वाड्यापाशी संपतात आणि लोक तो वाडा, त्यातली झुंबरे बघायला जातात. आपल्याकडेही सावंतवाडीला मोती तलावाच्या काठाने फिरत गेले की संस्थानिकांचा राजवाडा लागतो आणि तो बघण्यासारखाच आहे. गोपुरी हीसुद्धा नदीकाठची इतिहासप्रसिद्ध जागा आहे. परंतु तिथे बघायचा तो वाडा नाही. तिथे एका माणसाने खत कसे करावे, कातडे कसे कमवावे आणि संडास कसा बांधावा याचे प्रयोग केले. तेच तिथले वैभव.

तो माणूस म्हणजे सीताराम पुरुषोत्तम तथा आप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना लोक कोकणचे गांधी म्हणतात. जन्म १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ते एम.ए. झाले, काही काळ पुण्यात प्राध्यापक होते आणि नंतर ती नोकरी सोडून गांधीजींकडे गेले. गांधीजींची आत्मकथा आपण मराठीत 'सत्याचे प्रयोग' म्हणून वाचतो. तो अनुवाद आप्पासाहेबांचा आहे. पुस्तकावरचे नाव सी. पु. पटवर्धन आणि पुलापलीकडच्या आश्रमाचे आप्पा हे एकच, हे मला या वाटेने जाईपर्यंत माहीत नव्हते.

त्यांच्या आयुष्यातला १९३२ सालचा प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. कायदेभंगाच्या चळवळीत ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातले मैला साफ करण्याचे काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडूनच करून घेतले जाई. आप्पासाहेबांनी ते काम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी अन्नत्याग सुरू केला. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळली आणि त्यांनीही सहानुभूतीने डिसेंबर १९३२ मध्ये उपवास आरंभला. सरकारने या प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो सुटला. सवलत मिळावी म्हणून तुरुंगात उपवास करणारे पुष्कळ झाले असतील. झाडू मिळावा म्हणून उपवास करणारा मात्र हा आपल्या बाजूचा माणूस.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, त्यांनी गडनदीच्या काठी गोपुरी आश्रम स्थापला. वर्ध्यालाही एक गोपुरी आहे. जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरीस तिथे गोसेवेचे काम केले. कणकवलीच्या गोपुरीत गोसेवेचा अर्थ पूजेपुरता राहिला नाही. मेलेल्या जनावराचे कातडे, हाडे, मांस यांतले काहीच वाया जाऊ नये, आणि ते सोलण्याचे काम एकाच जातीच्या माथी मारलेले असू नये, असा त्यांचा आग्रह होता. शेण आणि मैला यांपासून गॅस व खत मिळवण्याचा पुरस्कारही त्यांनी केला. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्यांनी संडास बांधला. तो पुढे 'गोपुरी संडास' या नावाने महाराष्ट्राबाहेरही ठाऊक झाला.

हसण्याआधी त्याची रचना समजून घ्यावी. त्या काळच्या टोपलीच्या संडासात रोज कोणीतरी मागच्या बाजूने येऊन ताजा मैला उचलून न्यावा लागे. गोपुरी पद्धतीत बैठकीखाली दोन कप्पे असतात. एका वेळी एकच कप्पा वापरायचा. प्रत्येक वापरानंतर त्यावर माती, राख किंवा पातेरा टाकायचा, म्हणजे वास येत नाही आणि माश्या बसत नाहीत. कप्पा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत काही महिने जातात आणि तेवढ्यात पहिल्यातल्या घाणीचे सोनखत झालेले असते. ते मातीसारखे कोरडे, वास नसलेले खत घरातल्याच माणसाने काढून शेतात न्यायचे. व्हिएतनाममध्येही १९५० नंतरच्या दशकात दोन कप्प्यांचे असेच संडास खेड्यापाड्यांतून बांधले गेले. पाणी जवळजवळ लागत नाही, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याची घाण रोज उचलणारा माणूस लागत नाही. भंगीमुक्ती हा त्या काळचा शब्द. आप्पासाहेबांना तो केवळ भाषणात म्हणायचा नव्हता, तर विटा-मातीत बांधून दाखवायचा होता.

यात खताचा भाग गौण नाही. आपली जमीन जांभ्याची, तांबडी. एवढ्या पावसाने तिच्यातली द्रव्ये धुऊन जातात आणि ती आम्लधर्मी होते. म्हणून आपल्याकडे तरव्याच्या जागी भाजावळ करण्याची चाल आहे. कवळ, पातेरा, शेण पसरून वर माती टाकायची आणि पेटवायचे. तिचा फायदा नाही असे नाही. राखेतून पालाश आणि चुना मिळतो, तणाचे बी जळते. परंतु नत्र मात्र धुराबरोबर हवेत जाते, आणि जमिनीला भुसभुशीत करणारा सेंद्रिय भागही जातो. तेच शेण आणि तोच पातेरा कुजवला तर दोन्ही राहतात. शेणात नत्र अधिक, वाळल्या पानांत कर्ब अधिक. एक भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब असे प्रमाण साधले, थोडा ओलावा आणि हवा मिळाली की ढीग आतून तापतो. ही उष्णता पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत जाते आणि टिकून राहिली तर बरेचसे रोगजंतू मरतात. म्हणजे घाण ही एक अवस्था आहे. योग्य वेळ आणि योग्य सोबत मिळाली की ती माती होते.

हे सगळे मी घरी येऊन आईला सांगितले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आईने माझ्या लहानपणापासून एकच वाक्य शेकडो वेळा म्हटले आहे, "शिकलंस तर शेणात हात घालूचो लागाचो नाय." पहाटे गोठा काढून शेणाची टोपली डोक्यावर घेऊन ती गायरीकडे जाते, तेव्हा मी अभ्यासाला बसलेली असावे असा तिचा नियम आहे. आप्पासाहेबांची गोष्ट तिने शांतपणे ऐकली. मग म्हणाली, "तेंका प्रोफेसरी सोडून ह्यां काम धरूक गावलां. आमका तां सोडूक खय गावलां?"

मला पुढे बोलता आले नाही. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्याबरोबर आहे. पुढे वाचनात आले की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजी यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात याच मुद्द्यावर कठोर टीका केली आहे. सफाईचे काम थोर आहे, पवित्र आहे, असे त्या कामात जन्माने अडकलेल्यांना सांगणे ही क्रूर थट्टा आहे, असा त्यांचा आशय. ब्राह्मणाने झाडू घेतला तरी तो ब्राह्मणच राहतो. ज्याच्यावर जन्माने झाडू लादला आहे त्याचे काय? माझ्या आईने तो ग्रंथ वाचलेला नाही, पण तिचा प्रश्न त्याच घरातला आहे. ज्यांना मैला उचलावा लागला त्यांच्या दुःखापुढे आमचे शेण काहीच नाही, हेही मला समजते. शेणाला आपण निदान अंगणात मान देतो.

मग आप्पासाहेबांचे चुकले का? माझी बुद्धी लहान, तरी मला असे वाटते की त्यांच्या कामाचे दोन भाग वेगळे करून पाहावेत. त्यांनी झाडू हाती घेतला, हा पहिला भाग. तो त्यागाचा आहे, आणि त्यागाचे कौतुक करून आपण मोकळे होतो. दुसरा भाग दोन कप्प्यांच्या संडासाचा. त्यात त्यागाचे कौतुक करण्यासारखे काही नाही, पण त्यात कामच बदलले आहे. पहिल्या भागाने एका माणसाने दुसऱ्याचे ओझे वाटून घेतले. दुसऱ्या भागाने ते ओझे कोणाच्याच डोक्यावर येऊ नये अशी तजवीज झाली. आईच्या प्रश्नाला उत्तर असेल तर ते दुसऱ्या भागात आहे. 'आमका सोडूक खय गावलां' असे म्हणणाऱ्याला ते काम सोडता यावे, अशी सोय करणे हेच शिकलेल्या माणसाचे काम.

ही सोय अजून पुरी झालेली नाही. हाताने मैला उचलायला लावण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला. तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा कायदा झाला, त्यात पुनर्वसनाचीही तरतूद आहे. गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत उतरून मरण पावलेल्या कामगारांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. म्हणजे १९३२ च्या तुरुंगातला प्रश्न शहरांच्या गटारांत अजून शिल्लक आहे. आप्पासाहेब १९७१ साली गेले. त्यांनी सांगितलेले सगळेच आजच्या घरांना लागू पडेल असे नाही. पण घाण कोण उचलणार, हे नळ बसवताना, टाकी बांधताना विचारायला हवे, हा त्यांचा धडा जुना झालेला नाही.

गोपुरीत आजही आश्रम आहे. तरुणांसाठी शिबिरे, व्याख्याने होतात. तिथे गेल्यावर मोठे काही दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. झाडी आहे, शांतता आहे, नदीचा वारा आहे. आम्ही दोघी झाडाखाली बसून डबा खाल्ला, पाणी प्यालो आणि उन्हे कलायच्या आत परत फिरलो. परतताना त्या वृद्ध बाई काठावर नव्हत्या. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहून गेले, ते या लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

एक घरची गोष्ट सांगून थांबते. यंदा मी आणि माझ्या भावाने बागेतला पातेरा जाळला नाही. गायरीत शेणाचा एक थर, पातेऱ्याचा एक थर असे करून ढीग रचला आणि वर माती लिंपली. हे करताना माझे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणाने भरले. आईने ते पाहिले आणि ती खूप रागावली. तिचा राग मला समजतो. तिने आयुष्यभर ज्यापासून मला राखले तिथेच मी सुशिक्षित होऊन गेले होते. मी तिला म्हटले की खत कुजले की टोपल्या वाहायला हातगाडी आणू, तुझ्या डोक्यावर आता टोपली नको. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने ढिगावर पाणी शिंपडलेले दिसले.

हातगाडीसाठी पैसे साठवणे चालू आहे. ढीग उघडायचा तो मे महिन्यात. तोपर्यंत ज्यांना वेळ असेल त्यांनी एका रविवारी सकाळी नदीकाठाने गोपुरीपर्यंत जाऊन यावे. येताना पुलावर थोडे थांबावे आणि एरवी खिडकीतून मागे जाणारी नदी एकदा नीट बघावी.